कुंडी बदलताना



या व्यासपीठावर माझ्याआधी मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीला मला बसवले हा व्याख्यानमालेच्या चालकांचा मोठेपणा आहे. मी नववीत शाळा सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरपालिकेच्या वाचनालयात, रात्रपाळीनंतरच्या सकाळी आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. गेली तीस वर्षे मी युनियनचे काम करतो आहे. तेव्हा 'नाजूक मुळांच्या झाडांची कुंडी कशी बदलावी' हा विषय जाहीर झाल्यावर आमच्या युनियनमधल्या मंडळींनाच प्रथम हसू आले. एकाने विचारले, "साहेब, झाडांचीही युनियन काढणार काय?" मी म्हटले, "काढली असती, पण वर्गणी कोण गोळा करणार?"

विनोद सोडून देऊ. हा विषय मी का घेतला, ते सांगतो. माझ्या हातून एक झाड गेले. एखादे झाड मरणे ही काही मोठी गोष्ट नव्हे, पण ते ज्या रीतीने गेले ती मला फार उशिरा कळली. कळल्यावर वाटले की ही चूक घरोघर होत असते, चांगल्या हेतूने होत असते, आणि म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

आमचे घर गिरणगावातले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक गॅलरी. गॅलरीच्या कठड्यावर आईचे डालड्याचे दोन डबे असत. एकात तुळस, दुसऱ्यात हंसराज. आपणांपैकी ज्यांनी पावसाळ्यात घाट पाहिला असेल त्यांना हंसराज ठाऊक असणारच. ओल्या कड्यांच्या कपारीत, जुन्या विहिरीच्या भिंतीत तो उगवतो. काळ्याभोर तारेसारखे देठ आणि त्यांवर हिरवी नाजूक पाने. पानावर पाणी टाकले तर थेंब घरंगळून जातो, पान ओले होत नाही. हे झाड आईने कोठून आणले ते मला ठाऊक नाही. माझ्या आठवणीत ते होतेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साच्यावर होते. संपानंतर त्यांना गिरणीने परत घेतले नाही. पुढे बारा वर्षे कसेबसे काढून १९९४ साली आम्ही चाळीतली खोली सोडली आणि कल्याणच्या पलीकडे दोन खोल्यांच्या जागेत राहावयास गेलो. सामान टेम्पोतून गेले. हंसराजाचा डबा मात्र आई लोकलमधून मांडीवर घेऊन आली.

नव्या जागेला स्वतःची गॅलरी होती. मी पंचविशीतला, कमावता. आईने उभा जन्म डब्यात झाड वाढवले, आता तिला चांगली कुंडी देऊ, असे मनाशी ठरवले. बाजारातून मोठी थोरली मातीची कुंडी आणली. रविवार होता, मे महिना होता, दुपारची वेळ होती. डबा उलटा करून झाड ओढून काढले. जुनी माती काळी पडली होती, ती झटकली. राहिली ती नळाखाली धरून धुऊन टाकली. नवी माती, भरपूर खत, वर मूठभर युरिया. आणि कुंडी गॅलरीत उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी पाने मिटली, आठव्या दिवशी ती चुरचुरीत वाळली. दहाव्या दिवशी मी झाड उपटून कचऱ्यात टाकले. आई काही बोलली नाही. रिकामा डबा तिने धुऊन मोरीत पालथा घातला, एवढेच.

माझ्या आयुष्यात मी कामगारांवरच्या अनेक आरोपपत्रांना उत्तरे लिहिली आहेत. आज माझ्या स्वतःवरचे आरोपपत्र आपणांपुढे वाचणार आहे. त्यात सहा कलमे आहेत, आणि सहाही सिद्ध झालेली आहेत.

पण कलमे वाचण्यापूर्वी मूळ म्हणजे काय ते पाहू. आपण ज्याला मूळ म्हणतो, जे डोळ्यांना जाड दोऱ्यासारखे दिसते, ते बहुतांशी नळाचे काम करते. पाणी शोषून घेण्याचे काम प्रामुख्याने मुळाच्या टोकाच्या थोडे मागे असलेल्या अतिसूक्ष्म केसांचे असते. त्यांना मूलरोम म्हणतात. एक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा लांबलेला भाग. त्याचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे. तो मातीच्या कणाला इतका चिकटलेला असतो की माती झटकली की तोही तुटतो. १९३७ साली डिटमर नावाच्या अमेरिकन संशोधकाने राय या धान्याचे एकच रोप दोन घनफूटही न भरणाऱ्या पेटीत चार महिने वाढवले आणि त्याची मुळे मोजली. सुमारे १ कोटी ३८ लाख मुळे निघाली. त्यांची एकत्रित लांबी ६०० किलोमीटरांहून अधिक, म्हणजे मुंबईहून पुण्याला दोनदा जाऊन परत यावे इतकी! मूलरोमांची संख्या त्याने सुमारे १४०० कोटी काढली, आणि त्यांची लांबी १०,००० किलोमीटरांच्या वर भरली. एका रोपट्याच्या पायाखाली एवढा कारखाना चालू असतो, आणि आपण तो नळाखाली धरून धुऊन टाकतो.

दुसरी गोष्ट पानांची. पाने दिवसभर वाफेच्या रूपाने पाणी हवेत सोडत असतात. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात कुंडीतले सूर्यफूल रोज तागडीत तोलून हा खर्च मोजला आणि १७२७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तेव्हा हिशेब सरळ आहे. वर खर्च चालू आणि खाली जमा बंद. मूलरोम तुटले की झाड मातीत पाणी असूनही तहानेने मरते. युनियनचा माणूस या नात्याने मला हा हिशेब चटकन समजतो. पगार थांबला तरी घरखर्च थांबत नसतो.

आता कलमे ऐका.

पहिले कलम, अवेळी बदली. मे महिन्यातली दुपार म्हणजे पानांचा खर्च सर्वांत जास्त. कुंडी बदलावयाची ती हवेत ओलावा असताना. आपल्याकडे मृग लागून दोन-चार चांगले पाऊस झाले की, किंवा मग थंडी ओसरल्यावर आणि उन्हाळा तापण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या सुमारास. वेळ संध्याकाळची. म्हणून विनंती अशी की माझे व्याख्यान ऐकून उद्या सकाळी कोणी कुंड्या उपसावयास बसू नका. ७ जूनपर्यंत धीर धरा. उन्हाळी व्याख्यानाचा उपयोग पावसाळ्यात होतो असे समजा.

दुसरे कलम, प्रमाणाबाहेर मोठी कुंडी. यात माझे प्रेम होते, पण प्रेमाने मुळे वाढत नाहीत. छोट्याशा मुळांभोवती मोठा मातीचा ढीग असला की त्यातले पाणी शोषणारे कोणी नसते. माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा जाते, आणि मुळे गुदमरून कुजतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे आपण विसरतो. नवी कुंडी जुनीपेक्षा एक ते दोन इंच रुंद असली की पुरे. तळाला भोक हवेच. त्यावर खापरीचा एक तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये इतकाच. तळाशी चार बोटे खडे घातल्याने पाण्याचा निचरा चांगला होतो ही समजूत घरोघर आहे. मीही ती बाळगून होतो. पण ती खरी नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहते. म्हणजे खड्यांनी चिखल कमी होत नाही, उलट तो वर, मुळांजवळ सरकतो. निचरा हवा असेल तर सगळी मातीच भुसभुशीत करावी. माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडी जाड वाळू असे मिश्रण हंसराजासारख्या झाडांना मानवते.

तिसरे कलम, जुनी माती धुऊन टाकली. हे सर्वांत गंभीर. मूलरोमांचे सांगितलेच. पण जुन्या मातीत आणखीही कोणी राहत असते. १८८५ साली फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की पुष्कळ झाडांच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी भागीदारीत राहते. बुरशीचे धागे मातीत दूरवर जाऊन क्षार आणि पाणी आणतात, झाड त्यांना साखर देते. बहुसंख्य झाडे अशा सोबतीने जगतात. आपण 'स्वच्छता' म्हणून जी माती झटकतो तिच्याबरोबर हे शेजारीही जातात. तेव्हा नाजूक मुळांचे झाड हलवताना मातीचा गोळा जसाच्या तसा हलवावा. मुळे वेटोळे घालून बसली असली तरी अशा झाडांची ती ओढून सोडवीत बसू नये.

चौथे कलम, लगेच खत. जखमी मुळांवर युरिया म्हणजे ओल्या जखमेवर मीठ. खताने मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात आणि मुळांना पाणी ओढणे अधिकच कठीण होते. नवे पान दिसेपर्यंत, निदान महिनाभर, वरून खत देऊ नये. मिश्रणात जे मुरलेले खत असते तेवढे पुरे.

पाचवे कलम, ऊन. कुंडी बदलल्यावर आठ ते पंधरा दिवस झाड सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावे. हंसराजासारखे फारच नाजूक असेल तर वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैल घालावी. आतली हवा दमट राहते आणि पानांचा खर्च कमी होतो. पिशवी घातलेली कुंडी उन्हात मात्र कधीही ठेवू नये, आत झाड शिजेल.

या पिशवीमागे एक इतिहास आहे. लंडनमध्ये वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा फार नाद. आपला हंसराज हाही एक नेचाच. पण कोळशाच्या धुराने त्यांच्या बागेतले नेचे मरत. १८२९ साली त्यांनी एका किड्याचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला, तो त्या मातीत आपोआप एक नेचा आणि थोडे गवत उगवले. बाहेर जे जगत नव्हते ते बंद काचेत जगले! त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीपर्यंत सुखरूप गेली. पुढे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली, आणि ती हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत लागली.

हे मी वाचले तेव्हा कौतुक वाटले, आणि मागोमाग दुसरे आठवले. त्याच शतकात आसामच्या चहामळ्यांसाठी छोटा नागपूरसारख्या भागांतून माणसे करार लिहून घेऊन नेली. वाटेत आणि मळ्यांवरच्या पहिल्या काही वर्षांत ती हजारोंनी मेली. चहाच्या रोपाला काचेची पेटी होती. ते रोप जिने लावावयाचे आणि खुडावयाचे त्या बाईला कसलीच पेटी नव्हती. यापेक्षा अधिक मी या विषयावर आज बोलत नाही.

सहावे कलम राखून ठेवतो. त्याआधी ही कलमे मला शिकवली कोणी ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका रोपवाटिकेतल्या ठेकेदारी कामगारांची युनियन बांधली. बहुतेक बाया होत्या. त्यांत एक वयस्कर बाई, सगळ्या त्यांना अक्का म्हणत. मीही अक्काच म्हणू लागलो. तेथे बोगनवेलीची रोपे ट्रकमधून बाहेर जात आणि पोहोचल्यावर पुष्कळशी मरत. ठेकेदाराने ठरवले की बायांनी ती नीट लावली नाहीत, आणि मेलेल्या रोपांमागे मजुरी कापली. आम्ही वाटाघाटींना बसलो. मी कायद्याची कलमे सांगत होतो आणि समोरचा अधिकारी जांभया देत होता. तेव्हा अक्का उठल्या, बाहेर गेल्या आणि पिशवीतली दोन सारखी रोपे घेऊन आल्या. एक पिशवीखाली हात घालून अलगद टेबलावर ठेवले. दुसरे खोडाला धरून उचलले, एक हिसका दिला, आणि तसेच ठेवले. दोन्ही दिसावयास सारखी. म्हणाल्या, "साहेब, दोघांना सारखं पाणी घाला, तुमच्याच खिडकीत ठेवा. शुक्रवारी आम्ही परत येतो."

शुक्रवारी हिसका दिलेले रोप मान टाकून होते, दुसरे ताजेतवाने. बोगनवेलीचा वेल दांडगा, काटेरी. पण तिची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात, मातीला घट्ट बांधून धरीत नाहीत. ठेकेदाराची माणसे वेळ वाचवण्यासाठी रोपे खोडाला धरून ट्रकमध्ये टाकीत होती. कापलेली मजुरी परत मिळाली. माझ्या कायद्याच्या कलमांनी जे झाले नव्हते ते दोन रोपांनी केले.

अक्कांची पद्धत आपल्या घरीही उपयोगी पडेल. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे. माती कोरडी असली तर गोळा फुटतो, चिखल असला तर गळतो. नव्या कुंडीत खाली थोडी माती घालून उंची अशी जमवावी की झाड पूर्वी मातीत जेवढे होते तेवढेच राहील, खोल जाणार नाही. प्लॅस्टिकची पिशवी असेल तर प्रथम तिचा तळ तेवढा ब्लेडने कापावा, पिशवीसकट रोप कुंडीत ठेवावे, मग बाजू चिरून पिशवी काढून घ्यावी. डबा किंवा कुंडी असेल तर दोन बोटांच्या बेचक्यात खोड ठेवून तळहाताने माती झाकावी, कुंडी पालथी करून काठ हलकेच ठोकावा. झाड ओढू नये. एवढ्याने निघाले नाही तर कुंडी फोडावी. कुंडी पुन्हा मिळते. मग कडेने माती घालावी, बोटाने हलकी बसवावी, दाबून ठासू नये. तळातून पाणी निघेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे, आणि नंतर वरची माती सुकू लागल्यावरच. पान मलूल दिसले की पाण्यावर पाणी ओतण्याचा मोह होतो. माती ओली असताना तो आवरावा.

ऑर्किडची गोष्ट निराळी. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी झाडांच्या फांद्यांवर लोंबते ती काही मातीत नसते. अशा ऑर्किडांच्या मुळांवर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. ते पाणी शोषते आणि हवाही घेते. ती मातीत पुरली की कुजतात. त्यांना लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणे लागतात. मुळे कुंडीला चिकटली असतील तर थोडा वेळ पाण्यात भिजवावी, म्हणजे ती लवचीक होऊन सुटतात. न सुटली तर जुनी कुंडीच नव्या कुंडीत ठेवावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कुंडी बदलण्याची खरोखरच गरज आहे काय ते पाहावे. तळाच्या भोकातून मुळे बाहेर येत असतील, घातलेले पाणी क्षणात आरपार जात असेल, वाढ थांबली असेल तर गरज आहे. एरवी वरची इंचभर माती हलक्या हाताने काढून तेथे नवी घालणे पुष्कळदा पुरते. आपल्याला हौस आली हे कारण झाडाच्या दृष्टीने कारण नव्हे.

आता सहावे कलम. मी माझ्या हंसराजाची गोष्ट अक्कांना सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पानं वाळली, मग गड्डा बघितला का?" मी म्हटले, नाही. त्या म्हणाल्या, "मग मेलं कशावरून?" हंसराजाचा जीव मातीलगत आडव्या सरपटणाऱ्या गड्ड्यात असतो. पाने सगळी वाळली तरी गड्डा जिवंत असू शकतो. वाळलेले देठ मातीलगत कापावे, कुंडी सावलीत ठेवावी, माती ओलसर राखावी आणि वाट पाहावी. कधी तीन आठवडे लागतात, कधी दोन महिने. मग मुठी मिटलेले बारीक कोंब वर येतात. रानातला हंसराज तर दरवर्षी उन्हाळ्यात असाच वाळून पावसात पुन्हा उठतो. मी दहाव्या दिवशी तो कचऱ्यात टाकला होता. माझा खरा अपराध तोच होता. त्याआधीच्या पाचांतून ते झाड कदाचित वाचलेही असते.

हे आईला सांगावयास हवे होते. पण ती २००९ साली गेली, आणि अक्का मला त्यानंतर भेटल्या.

वडिलांविषयी एक सांगतो आणि संपवतो. नव्या जागेत आल्यावर ते महिन्यातून दोनदा लोकलने जुन्या चाळीत जाऊन बसत. कोणाकडे काही काम नसे. गॅलरीत बसत, चहा घेत, संध्याकाळी परत येत. मी चिडत असे. म्हणे, "दादा, एवढी मोठी जागा घेतली, तिथे काय ठेवलंय तुमचं?" ते म्हणत, "काही नाही रे, उगीच." पुढे गाडीभाड्यावरून मी बोललो तेव्हा त्यांनी जाणे बंद केले. त्यांची मान त्यानंतर खाली गेली ती गेलीच. लोक म्हणाले, वय झाले. मीही तेच म्हटले. मुळांबरोबर थोडी जुनी माती राहू द्यावी लागते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आजही माणसांच्या बदल्या होतात, वस्त्या हलतात, कारखाने दूर जातात. ते सगळेच टळणार नाही. झाडालाही कधीतरी कुंडी अपुरी पडतेच. प्रश्न एवढाच असतो की हलवणारा हात घाईचा आहे की जाणता, आणि हलवल्यानंतर तो किती दिवस वाट पाहावयास तयार आहे.

माझ्या खिडकीत आज एक हंसराज आहे. तो अक्कांनी दिलेला, आईचा नव्हे. गेल्या मृगात मी त्याची कुंडी बदलली. संध्याकाळी, मातीच्या गोळ्यासकट, आणि फक्त एक इंच मोठ्या कुंडीत. चार पाने वाळली. मी ती कापली आणि गप्प बसलो. पाचव्या आठवड्यात कोंब आला.